दुसऱ्या घरचं पाणी

मी गालिचे धुणारं मशीन बोलतोय. हाताने उचलून जिन्याने वर नेता येतं, तसलं छोटं. मला दोन पोटं आहेत. एकात स्वच्छ पाणी भरतात आणि दुसऱ्यात गालिच्यातून ओढलेलं घाण पाणी जमतं. पहिल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्याकडे मात्र सगळे वाकून वाकून बघतात, आणि त्यापायीच मला आज तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं फार नाही. एका बाईने नळी बसवली, दुसरीने पाणी भरून एकदा चालवून पाहिलं, तिसरीने खोक्यात घातलं. तिघीही त्या वेळी भलत्याच विषयावर बोलत होत्या.

माझे पहिले मालक एक नवरा-बायको. त्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाने गालिचा खराब केला म्हणून मला आणलं. मोठ्या हौसेने दोन-चारदा चालवलं आणि आतल्या पाण्यासकट जिन्याखाली ठेवून दिलं. वस्तू घरात येते तेव्हा माणसं तिच्याबरोबरची माहिती डोळ्यांत तेल घालून वाचतात. ठेवून देताना कुणी वाचत नाही. आतलं पाणी कुजलं, नळीत बुरशी धरली. पिल्लू मोठं झालं, त्याला शिस्त लागली, आणि माझं कामच संपलं. घर बदलताना 'हे बंद पडलंय' असं सांगून त्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकलं. मी बंद पडलो नव्हतो. मला कुणी धुतलं नव्हतं, एवढंच.

त्या दुकानातून मला दोघी घेऊन गेल्या. नणंद आणि भावजय. नणंद भावाहून धाकटी, पण भावजयीहून मोठी. म्हणून ती हिला वहिनी म्हणायची आणि ही तिला ताई. दोघींनी घरोघरी जाऊन गालिचे धुण्याचं काम काढायचं ठरवलं होतं. कामाची वाटणी सोपी होती. माणसांशी ताईने बोलायचं, मशीनशी वहिनीने. ताई बोलायला लागली की समोरच्याला हो म्हटल्याशिवाय सुटका नसे. वहिनीला परक्या माणसापुढे दोन वाक्यं जोडतानाही घाम फुटायचा.

वहिनीने मला गच्चीवर नेऊन जुन्या चादरीवर मांडलं. एकेक स्क्रू काढून बशीत ठेवला. ब्रशाच्या दांड्याला कुत्र्याचे केस घट्ट गुंडाळले होते, ते कात्रीने कापून ओढून काढले. फवाऱ्याची भोकं क्षाराने बुजली होती, तो भाग व्हिनेगरमध्ये भिजत घातला आणि दातांच्या जुन्या ब्रशाने घासला. जाळी धुतली. नळीतून गरम पाणी सोडलं, वास जाईपर्यंत सोडतच राहिली. सगळं वाळल्यावर तिने मला जोडलं, चालू केलं आणि नळीच्या तोंडावर तळहात धरला. हात चिकटून बसला.

"ओढतंय," ती म्हणाली.

तिच्या तोंडून माझं कौतुक मी एवढंच ऐकलं, पण मला ते पुरलं.

पुढे रोजचा नेम झाला. काम आटोपून घरी आलं की वहिनी दोन्ही टाक्या धुवायची, नळीतून साधं पाणी ओढायची, ब्रशातले दोरे काढायची आणि झाकणं उघडी ठेवून मला वाळवायची. साबणावरून मात्र दोघींचं वाजायचं.

"फेस दिसला पाहिजे गं," ताई म्हणायची. "फेसाशिवाय लोकांचा साबणावर विश्वास बसत नाही."

"फेस मोटरमध्ये गेला की काय विश्वास ठेवायचा तो ठेवा, मशीन नसेल."

"तू ना, माझ्या भावापेक्षा या डब्यावर जास्त जीव लावतेस."

"डबा उलटून बोलत नाही," वहिनी म्हणायची आणि बुचात मोजून साबण ओतायची.

खरी भानगड घाण पाण्याच्या टाकीपासून सुरू झाली. एक दिवस पहिल्या घरचं काम लांबलं. दुसऱ्या घरी पोचायच्या गडबडीत ताई टाकी रिकामी करायला विसरली. त्या दिवशी वहिनी बरोबर नव्हती. दुसऱ्या घरचा गालिचा तसा बरा होता, पण शेवटी टाकीतलं काळं पाणी बघून तिथल्या बाईने गालाला हात लावला. एवढा मळ निघाला म्हणून ती इतकी खूश झाली की शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून आणलं. तिथल्या तिथे पुढची कामं ठरली.

तेव्हापासून ताई विसरायची नाही. मुद्दाम ठेवायची. टाकीच्या तळाला बोट-दोन बोटं काळं पाणी राहू द्यायची आणि पुढच्या घरी शेवटी टाकी उचलून उजेडात धरायची. लोक डोळे विस्फारायचे. आपल्याच घरचा मळ बघून माणसं इतकी समाधानी का होतात, ते मला अजून उमगलेलं नाही.

माझ्यावर त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. तळाशी गाळ बसू लागला. टाकी भरली की ओढ बंद करायला आत एक तरंगता गोळा असतो, तो गाळात अडकायला लागला. ओढ कमी झाली. वहिनीने एका संध्याकाळी टाकी हुंगून पाहिली.

"ताई, ही दिवसभर रिकामी केलेली दिसत नाही."

"थोडंसं ठेवते गं. नवरीला पावडर लावतात, तसं समज."

"पण ते दुसऱ्याच्या घरचं आहे."

"पाण्यावर नाव लिहिलेलं असतं का? कुणाचं काय वाईट झालं, ते सांग."

कामं वाढत होती, आणि तो सगळा ताईचा प्रताप होता. वहिनीने मान खाली घालून गाळ खरवडला आणि डोळेझाक केली. मला तिचा राग आला नाही. तिने मात्र त्या दिवशी झाकणाचा स्क्रू जरा जास्तच जोरात पिळला.

मग ते अक्कांचं घर आलं. गोळा पुन्हा अडकेल या भीतीने त्या दिवशी वहिनी बरोबर होती. सकाळी आम्ही बसच्या तिकीट ऑफिसातला गालिचा धुतला होता. तिथे दिवसभर लोक बुटांनी वावरतात. पाणी कसलं निघालं असेल ते सांगायला नको. ताईने त्यातलं नेहमीसारखं थोडं ठेवलं.

अक्का म्हणजे पन्नाशी उलटलेली, एकटी बाई. घरात ती आणि तिचे वडील. वडिलांना दम्याचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं. परगावी राहणारा धाकटा भाऊ आला होता आणि आम्हाला त्यानेच बोलावलं होतं. वडिलांना आपल्या गावातल्या एका वृद्धांच्या संस्थेत ठेवावं, असं त्याच्या मनात होतं. अक्कांना ते मुळीच मान्य नव्हतं. दाराशी वडिलांची भरलेली बॅग उभी होती. हे सगळं आम्हाला कुणी सांगितलं नाही. दोघं बहीणभाऊ आमच्यासमोरच पुन्हा पुन्हा तेच बोलत होते.

"एवढं धुऊन झालं की घरात किती धूळ आहे ते कळेलच," भाऊ म्हणाला. मग ताईकडे वळून म्हणाला, "शेवटी मला टाकी दाखवा."

"दाखवणार तर," ताई म्हणाली. "आमच्याकडे लपवाछपवी नसते."

वहिनी गुडघ्यांवर बसून मला फिरवत होती. माझ्या तोंडाला पारदर्शक झाकण आहे, त्यातून पाणी वर जाताना दिसतं. त्या गालिच्यातून येणारं पाणी जवळजवळ नितळ होतं. ते तिने पाहिलं. काम झाल्यावर ताईने सवयीने टाकी उचलून खिडकीपाशी धरली. भाऊ वाकला. पाणी काळंकुट्ट होतं.

"अक्का, इकडे ये. बघ."

अक्का आल्या, वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"हे बाबांच्या पायाखाली होतं. रोज हे त्यांच्या छातीत जात होतं."

"मी दर आठवड्याला खुर्ची हलवून झाडते रे. ओल्या फडक्याने पुसते."

"मग हे आलं कुठून?"

अक्कांनी टाकीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हातांकडे. मी भावनाबिवना फारशा बाळगत नाही. पण पाणी माझ्या पोटात आणि बोल त्या बाईला, हे मला मुळीच आवडलं नाही.

"तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही," भाऊ म्हणाला. आवाज त्याने अगदी मऊ केला होता. "तुला आता झेपत नाही. बाबांना मी आजच घेऊन जातो."

"मला कुणी विचारलं का?" खुर्चीतून वडील म्हणाले, पण तेवढ्यात त्यांना खोकला आला आणि त्या खोकल्याने भावाचंच म्हणणं खरं ठरवलं.

वहिनीने ताईकडे पाहिलं. ताई फडक्याची घडी घालत होती. मघाशीच घालून झालेली. वहिनी उठली. टाकी न्हाणीघरात नेऊन ओतली, घासली, परत आणून मला लावली आणि गालिच्यावर पुन्हा एक पट्टा ओढला. पाणी स्वच्छ आलं.

"बघा ना," ती भावाला म्हणाली.

"आता स्वच्छच येणार. एकदा धुतलंय ना?"

तो चुकीचं बोलत नव्हता. वहिनीच्या कपाळावर घाम आला.

"तसं नाही. मघाचं पाणी तुमचं नव्हतं. सकाळी दुसरीकडे काम केलं, तिथलं होतं."

भावाने तिला नीट न्याहाळलं. "हिची दया आली म्हणून सांगताय. मला कळतं ते. पण कृपा करून खोटं बोलू नका."

वहिनीजवळचे शब्द संपले होते. आता सगळं ताईवर होतं, आणि ताईने नुसतं तोंड मिटून ठेवलं असतं तरी आमचं काही बिघडलं नसतं. त्या इमारतीत आणखी चार घरं आमची वाट बघत होती.

ताईने फडकं खाली ठेवलं.

"ती खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "तिला खरं बोलतानाही फेफरं येतं, खोटं कुठून बोलणार? पाणी मी ठेवते. विसरून नाही, मुद्दाम. काळं दिसलं की लोक खूश होतात. ते तिकीट ऑफिसातलं पाणी आहे. तुमच्या बहिणीचा त्यात काही दोष नाही."

भावाचा चेहरा लाल होत गेला. तो ताईवर ओरडणार, एवढ्यात अक्का पुढे झाल्या.

"पलंगाखालचा भाग धुवायचा राहिलाय," त्या वहिनीला म्हणाल्या. "तिथे चालवा. टाकी रिकामी आहे ना, आधी याला दाखवा."

वहिनीने आतलं स्वच्छ पाणी ओतून रिकामी टाकी दाखवली. मग दोघींनी पलंग सरकवला आणि तिने मला तिथे फिरवलं. मी जीव तोडून ओढलं. मला लपवायचं काहीच नव्हतं, आणि असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. टाकीत जमलं ते धुरकट पाणी, एखादा केस आणि दोऱ्याचा तुकडा. माणसं राहतात त्या घरात एवढं निघतंच.

भाऊ टाकीवर बराच वेळ वाकून राहिला. "एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," वहिनी म्हणाली.

तो सरळ उभा राहिला, पण बहिणीकडे बघेना. वडिलांनी खुर्चीच्या हातावर टिचकी मारली.

"त्या बॅगेतून माझा चष्मा काढा आधी. सकाळपासून मला कुणाचं तोंड धड दिसत नाहीये."

बॅग अक्कांनी उघडली नाही. भावानेच उघडली. चष्मा तळाशी होता, त्यामुळे त्याला शर्ट, सदरे, मोजे, सगळं बाहेर काढून पलंगावर ठेवावं लागलं. ते कपडे अक्का एकेक करून कपाटात ठेवत गेल्या आणि त्याने त्यांना अडवलं नाही.

आम्हाला मात्र त्याने दार दाखवलं, आणि जाताना चार शब्द सुनावले. ते आम्हाला लागू होते. त्या इमारतीतली बाकीची चारही कामं गेली. अक्कांनी आम्हाला परत कधी बोलावलं नाही, का बोलावतील?

जिना उतरताना ताई फणकाऱ्याने म्हणाली, "तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं?"

"आणि तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

मला ताईने एकटीनेच उचललं होतं, एरवी दोघी मिळून धरायच्या. घरी पोचल्यावर वहिनी स्वयंपाकाला लागली तेव्हा ताई मला घेऊन न्हाणीघरात गेली आणि तिने माझी टाकी धुतली. आयुष्यात पहिल्यांदाच. कोपऱ्यांत राहिलेला गाळ नखांनी काढला, गोळा चोळून मोकळा केला. झाकणाची रबरी चकती मात्र तिने उलटी बसवली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे निघण्याआधी वहिनीने ती पाहिली, काढून सुलटी लावली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता मी जुना झालोय. मोटर घरघरते, एक चाक फक्त सरळच जातं. कामं पूर्वीइतकी नाहीत. ताई हल्ली दारातच टाकी उघडून रिकामी दाखवते आणि मगच आत पाऊल टाकते. शेवटी धुरकट पाणी बघून पुष्कळांचा हिरमोड होतो. ताईचाही होतो, पण ती बोलून दाखवत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं मशीन असेल, तर काम झाल्यावर टाकी रिकामी करा, धुवा, झाकण उघडं ठेवून वाळू द्या. आणि कधी कुणी काळं पाणी समोर धरून हा तुमच्या घरचा मळ आहे असं म्हणालं, तर घरातल्या बाईकडे वळून बघण्याआधी त्यालाच विचारा, येताना टाकी रिकामी होती का.