सुंदरबाईचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. घाबरू नका, मला चालता येत नाही. माझ्यावर कातडं ताणून बूट शिवत. कारखान्यात मला कलबूत म्हणत. तेलगावच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा बुटांचा कारखाना होता. फळीवर माझे शेकडो भाऊ, सगळे नीटस. मला मात्र दोन बोटं कमी. ते हसत, हसू द्या! ते कुणाचेच नव्हते. मी सुंदरबाईचा उजवा पाय होतो.

ऊस तोडताना तिच्या उजव्या पायावर कोयता बसून दोन बोटं गेली होती. तयार बूट तिला होईना. म्हणून मुंजाजी मिस्त्रींनी कागदावर तिचा पाय गिरवला आणि मला बाभळीतून कोरलं. दसऱ्यानंतर ती आली, तेव्हा उजवा बूट तयार होता, डाव्याला तळ लागायचा होता.

“मामा, उजवा तरी द्या. टोळी आजच निघाली. डावा पाय सोसतोय की.”

“एकटा बूट देत न्हाईत, बाई. अपशकुन असतोय. आल्यावर जोडी ने.”

कारखान्याचा रिवाजच होता तो. सुंदरबाई अनवाणी गेली. फडात उसाचा बुडखा त्याच उजव्या पायात घुसला, पाय चिघळला, आणि ती परत आलीच नाही. ती गेल्याची बातमी कळल्यावर मुंजाजींनी डावा बूट पुन्हा हातात घेतला नाही. पुढे कारखानाही बंद पडला. उजवा बूट माझ्या अंगावरच राहिला.

तेव्हापासून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, की भर दुपारी फरशीवर पावलं वाजतात. एक पूर्ण, एक तुटकं. माझ्यासमोर येऊन थांबतात. दिसत कुणीच नाही. मला फार भीती वाटायची, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. बूट काढून द्यायला मला हात कुठे आहेत?

यंदा दसऱ्यानंतर शेड विकली गेली. कलबुतं जळणासाठी पोत्यात भरायला म्हातारे मुंजाजी आले. तेवढ्यात पावलं वाजली. त्यांच्या हातातलं पोतं गळालं.

“सुंदरबाई?”

पावलं थांबली. मुंजाजींनी बूट माझ्यावरून ओढला आणि उंबऱ्याशी एकटाच ठेवला.

“घे, माय. लई चुकलं माझं.”

बूट जागचा हलला नाही. पण फरशीवर एक पाऊल अनवाणी वाजलं आणि दुसरं बुटाच्या टाचेसकट, ठक्कन. आवाज रस्त्याला लागला. मुंजाजींनी बूट उचलून पाहिला. वीस वर्षं कोऱ्या असलेल्या तळाला ओला काळा चिखल होता, त्यात उसाचं पाचट.

त्यांनी मला जाळलं नाही. घरी नेलं. आता ते शेडमध्ये अर्धवट राहिलेल्या डाव्या बुटाला तळ लावताहेत. सुईत दोरा जात नाही, आणि पुढच्या दसऱ्यानंतर ती डाव्यासाठी येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मित्रांनो, कुणी तुमच्या दारात अनवाणी उभं राहिलं, तर त्याला रिवाज सांगू नका. आधी त्याचा पाय बघा.