कॅप्टन राडेनिट्झ यांचा कोट

तुम्ही एका मेलेल्या माणसाच्या अंगावरून कोट ओढताय. बर्लिनला लष्करी कचेरीत बसून, सह्या करून ओढताय. लाज वाटत नसेल तर निदान कारण तरी सांगा.

कॅप्टन गेबहार्ट फॉन राडेनिट्झ रविवारी गेले. त्यांच्या बहिणीच्या घरात, मागच्या खोलीत, दारूभट्टीवाल्यानं दिलेल्या बर्फावर ठेवलेत. अंगात नुसता सदरा. गणवेशाचा निळा कोट खुर्चीवर पडलाय, कारण निवृत्त करताना तुम्ही त्यांचा गणवेश घालायचा हक्क काढून घेतला. चोरी केली नाही, पळाले नाहीत, तरी काढलात. मी त्यांच्या कंपनीचा हवालदार, फ्लोरियान माचोन. काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही.

पोमेरानियातल्या कंगाल जहागीरदाराचं हे पोर. दहाव्या वर्षी कॅडेट शाळेत टाकलं. तिथल्या थंडीनं बोटं सुजायची, रडलं की वरून छडी. बोहेमियाच्या लढाईत गुडघा फुटला, तरी तसेच लंगडत कंपनीपुढे चालले. माणूस गोड नव्हता. बुटाला चिखल दिसला की आईबाप काढायचे. आम्ही सायलेशियाचे, घरात जर्मन नव्हे, आमची पोलिश बोली बोलणारे. आम्ही त्यांना सुरुवातीला मुळीच आवडलो नाही.

आडवं व्हायचा जर्मन हुकूम आहे 'नीडर'. आमच्या बोलीत 'नि' म्हणजे नको. एकदा कवायतीत सगळी रांग आडवी झाली आणि आमच्यातला एक शिपाई, युरेक, खांबासारखा उभाच.

"काय रे बैला, कान विकलेस का?"

"नाही साहेब. तुम्ही नको म्हणालात, म्हणून थांबलो."

अख्खी कंपनी फिदीफिदी हसली. कॅप्टनांनी जेवणाच्या घंटेपर्यंत सगळ्यांना उठवलं, आडवं केलं, पुन्हा उठवलं. मग मला खोलीवर बोलावलं. तोंडाला साबण, हातात वस्तरा.

"माचोन, तुमच्यात काय म्हणतात रे? आडवं हो म्हणायला?"

"लेग्नीय, साहेब."

"लेक... लेग... पुन्हा म्हण. सावकाश. हसतोस काय गाढवा?"

"हसत नाही साहेब. तुम्ही गालाला कापून घेतलंत."

आठवडाभर दाढी करताना घोकत होते. वर मला दम: बाहेर बोललास तर जीभ कापीन.

पुढे फ्रान्सची लढाई लागली. लोरेनमध्ये कापणी झालेल्या उघड्या शेतातून आम्हाला वर पाठवलं. समोर दगडी कुंपण, त्यामागून फ्रेंच बंदुका. आमच्यात निम्मी पोरं नवीन भरतीची, जर्मन जेमतेम कळणारी. कॅप्टन 'नीडर' ओरडले. त्या गदारोळात पोरांना पहिलंच अक्षर ऐकू आलं, 'नि'. उभीच राहिली, एकमेकांकडे बघत. युरेक गोळी लागून पडला. त्याच्या शेजारचा पडला. मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला. माझा आवाज पोचेना. तेव्हा कॅप्टन लंगडत रांगेपुढे गेले, शत्रूकडे पाठ केली आणि गळा फाटेस्तोवर ओरडले, "लेग्नीय!"

कंपनी आडवी झाली. मग सरपटत पुढे गेली. संध्याकाळी ते कुंपण आमचं होतं.

कर्नल घोड्यावरून आले. कुंपणाकडे बघितलंसुद्धा नाही.

"राडेनिट्झ, प्रशियाच्या पलटणीत ही गुराख्यांची भाषा?"

"जिवंत गुराखी आहेत, साहेब."

तिथून घसरगुंडी. अधिकाऱ्यांची पंचायत बसली. ती म्हणाली, गोळीबारात डोकं फिरलं होतं एवढं मान्य करा, विषय मिटला. हे म्हणाले, "डोकं ठिकाणावर होतं, म्हणून तर ओरडलो." झालं. त्यांच्या हाताखाली शिकलेले लेफ्टनंट मेजर होऊन समोरून गेले, हे कॅप्टनचे कॅप्टन. शेवटी घरी बसवलं, तेही कोटाचा हक्क काढून.

आमच्याच गावात येऊन राहिले. शेंगांचे वेल लावायचे, गोगलगायींना जर्मनमध्ये शिव्या घालायचे. रविवारी दारूच्या गुत्त्यात साध्या करड्या कोटात यायचे. आम्ही म्हातारे शिपाई उठून उभे राहायचो. "बसा रे मूर्खांनो, मी आता कोणी नाही," म्हणायचे, आणि कोणी उठला नाही तर तासभर फुगून बसायचे.

काल छावणीतला कोवळा लेफ्टनंट आला. खुर्चीवरचा कोट बघून चपापला.

"बाईसाहेब, हा आत ठेवावा लागेल. परवानगी नाही."

कॅप्टनांची बहीण ओट्टिलीबाई सत्तरीच्या. कोटाचं बटण शिवत होत्या. "तुम्ही लोरेनला होतात का हो?"

"मी तेव्हा लहान होतो."

"तरीच. बसा. अजून वाढ व्हायचीय."

पोरगा लाल झाला, पण मनानं वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "एक वाट आहे. त्या दिवशी त्यांना भोवळ आली होती, काय बोललो ते कळलं नाही, असं बहीण म्हणून तुम्ही कळवा. वर मी बोलतो. कोट मिळेल, शवपेटी ओढायला तोफखान्याचे घोडे मिळतील, सगळं मिळेल."

बाईंनी दातांनी दोरा तोडला. त्या कोटासाठी त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या, मी बघितलंय. भावाला करड्या कोटात पुरायचं या विचारानं त्या घट्ट असलेली बटणंही पुन्हा शिवत होत्या. वाटलं, आता हो म्हणतील. म्हणाल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"गेबहार्ट हे स्वतः म्हणाला असता, तर आज मेजर म्हणून गेला असता," त्या म्हणाल्या. "त्यानं आयुष्यभर तोंडातून काढलं नाही, ते मी त्याच्या तोंडात घालू? तो मेलाय म्हणून? माचोन, लेफ्टनंटसाहेबांना फाटकापर्यंत सोडा. कुत्रा मोकळा आहे."

म्हणून आता मी विचारतोय, आणि गुत्त्यात बसलेले, त्या शेतातून उठून आलेले सगळे माझ्या मागे उभे राहून विचारतायत. कॅप्टनांनी त्या दिवशी चुकीचा हुकूम दिला का? दिला असेल तर आम्ही जिवंत आहोत हा गुन्हा कोणाच्या नावावर मांडता? नसेल दिला, तर कोट का नाही?

उन्हाळा आहे. बर्फ शुक्रवारपर्यंत टिकेल. त्याआधी कळवा. कोवळ्या पोराला पाठवू नका. ज्यानं हक्क काढला त्यानं स्वतःच्या नावानं कळवावं. कोट घालायचा की नाही?