दर लिटरमागे

दोघी बहिणींचं पोट एकाच कामावर चालायचं: गाईंचे ढेकर मोजणं. थोरली इथल्या पशुसंशोधन केंद्रात, धाकटी लग्न करून परदेशी गेली, ती तिथल्या केंद्रात. रवंथ करताना गाय ढेकर देते, त्यातून मिथेन वायू सुटतो आणि हवा तापवतो. तो किती सुटतो हे कळायला गाईच्या नाकाशी बारीक नळी लावायची आणि गळ्यात डबा अडकवायचा. आई म्हणायची, "एवढं शिकून ढेकरांच्या मागे लागल्या! बापाचे मोजले असते तर घरबसल्या डॉक्टर झाल्या असत्या."

आई गेली आणि दोघींचे फोन आटले. मग एक दिवस धाकटीच्या डोक्यात आलं, दोन्ही देशांच्या गाईंची तुलना करू या. थोरलीला गाईंपेक्षा रोजच्या बोलण्याचाच आनंद जास्त झाला.

"ताई, तुझ्या गाई खातात काय?"

"वाळला चारा, जमलं तर मूठभर पेंड. तुझ्या?"

"विचारू नकोस. इतके लाड माझेही कुणी केले नाहीत."

आकडे जुळवून झाले. थोरलीची गाय धाकटीच्या गाईच्या निम्माच वायू सोडत होती. थोरली लहान मुलीसारखी हरखली. पण तिची गाय दूधही जेमतेम द्यायची. दर लिटर दुधामागे हिशेब केला, की तीच गाय तिप्पट दोषी ठरायची.

"निबंधात दोन्ही आकडे छाप," थोरली म्हणाली.

"छापणारच. पण पहिल्या पानावर, सगळ्यात वर कुठला घालू?"

खोटा तर एकही नव्हता. "तुला योग्य वाटेल तो घाल," थोरली म्हणाली.

धाकटीने लिटरमागचा आकडा वर घातला. सगळीकडे तसंच मांडतात, आणि तेही खरंच होतं.

केंद्राच्या संचालकांनी पहिलं पान वाचलं. "मॅडम, कमी दुधाची जनावरं पोसायची आणि वर हवाही बिघडवायची? हा जुना कळप काढून टाकू."

"सर, या गाई दुष्काळात तग धरतात. शेण देतात, औताला बैल देतात. ते कुठल्या लिटरात धरायचं?"

"मला पटतं हो. पण वरच्यांना काय सांगू? निबंधावर नाव तुमचंच आहे."



ट्रक आले त्या सकाळी गाई गोठ्याबाहेर पाऊल टाकेनात. गोठेवाल्याने चुचकारलं, ओढलं, शेवटी हात टेकले. "बाई, तुम्हीच या. तुमच्या हाताच्या आहेत त्या."

थोरली दोर घेऊन आत गेली. सगळ्यात खट्याळ गाय, ठमी, तिला पाहून पुढे आली आणि तिने आपणहून मान खाली घातली, नाक पुढे केलं. ठमीला वाटलं, आज नळी बांधायची आहे. थोरलीने दोर बांधला. मग दुसरीला, तिसरीला. एकीनेही त्रास दिला नाही. ट्रक फाटकाबाहेर गेले तेव्हा गोठेवाला तोंड फिरवून उगाच झाडू मारत बसला.

दुपारी धाकटीचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं.

"ताई, मी दुरुस्ती पाठवते. दुसरा आकडा वर घ्यायला सांगते."

"आता कशाला? गोठा रिकामा झाला."

"तू रागावलीस माझ्यावर."

"नाही गं. तू बरोबरच लिहिलंस."

धाकटी रडू लागली. थोरलीला तिची समजूत काढायची होती. धाकटी चुकली असती तर दोघी कडाकडा भांडल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता आणि पुन्हा एक झाल्या असत्या. इथे मिटवायला भांडणच नव्हतं.

पुढे गोठ्यात उंच, धिप्पाड, दुधाळ गाई आल्या. नळी पाहिली की त्या बुजतात. दोघांनी धरून ठेवाव्या लागतात. थोरली त्यांचे आकडे दर महिन्याला धाकटीला पाठवते.

"मिळाले," असं धाकटीचं उत्तर येतं. कधी त्यापुढे "तब्येत कशी आहे?" असंही असतं. थोरली "बरी" म्हणून कळवते.