जावयाची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसलेल्या विभागप्रमुखांनी तिची गुणपत्रिका नुसती चाळली आणि विचारलं, "लग्न कधी आहे?"

ती गोंधळली. "ठरलं नाही अजून, सर."

"ठरेल की! मग सरकारच्या पैशाने आर्थिक विकासाचं प्रशिक्षण घेऊन कुणाचा विकास करणार? सासरचा?"

शेजारचे दोघे प्राध्यापक खदखदून हसले. शिष्यवृत्ती सरांच्या होणाऱ्या जावयाला मिळाली. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती, तो कसाबसा काठावर पास झाला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

तिचे बाबा बस डेपोत मेकॅनिक. लेक विद्यापीठात निघाली म्हणून त्यांनी डेपोभर सांगून ठेवलं होतं. आता लोक मुद्दाम खोदून विचारायचे, "काय हो, लेक कधी निघतेय?" बाबा बसखाली शिरायचे आणि काम संपलं तरी बाहेर यायचे नाहीत. एकदा डबा द्यायला गेली तेव्हा तिने ते पाहिलं, आणि मनाशी खूणगाठ बांधली.

शिकवण्या घेत ती शिकली, स्पर्धा परीक्षा देऊन नियोजन खात्यात लागली. शिष्यवृत्त्यांचं किचकट काम कुणालाच नको असायचं. तिने ते मागून घेतलं. चढत चढत ती संचालक झाली, तोवर इकडे जावई विभागप्रमुख झाला होता आणि त्याचा अख्खा विभाग याच शिष्यवृत्त्यांवर जगत होता.

शिकून झाल्यावर मागास भागात काम करायचं, ही सरकारची अट. या विभागातून बाहेर पडलेला एकही जण तिकडे फिरकला नव्हता. विभागाच्या शिष्यवृत्त्या बंद करायला हे कारण भक्कम होतं. नसतं तर तिने शोधून काढलं असतं, हे तिचं तिलाही माहीत होतं. शिकत असलेल्या मुलांची सोय तिने आधी दुसऱ्या महाविद्यालयात लावली. त्यांच्याशी तिचं भांडण नव्हतं.

सासरे-जावई भेटायला आले. तिने त्यांना बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं, सावकाश चहा प्यायली, मग आत बोलावलं.

"ओळखलंत मला, सर?"

म्हातारे सर डोळे बारीक करून बघत राहिले. जावई मात्र पांढराफटक पडला. तिने मुलाखतीतलं सगळं शब्दन्‌शब्द ऐकवलं.

"अहो, गमतीत बोललो असेन," सर ओशाळून म्हणाले. "इतकी वर्षं कुणी मनात धरतं का?"

"मी धरलं."

सरांनी हात जोडले. "चुकलो, मॅडम. पण विभाग बंद पडेल हो. माझा जन्म गेला त्यात."

तिने त्यांना मधे थांबवलं नाही. पोटभर गयावया करू दिली. मग म्हणाली, "आदेश सकाळीच निघालाय. या आता."

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा पलंगावर उठून बसले.

"हात जोडले त्याने?"

"जोडले."

"जावयासमोर?"

"समोरच."

बाबांनी पाठीमागे उशी नीट लावून घेतली. "पहिल्यापासून सांग परत," ते म्हणाले. "घाई करू नकोस."