शपथेचं खापर

माणसानं विडी कशी सोडावी हे जगात ज्याला त्याला माहीत असतं. ज्याची सुटत नाही तो एक सोडून. जयवंत परबाची विडी सुटावी म्हणून भांडुपच्या त्या बैठ्या चाळीत कुणी काय काय सांगितलं नव्हतं? लवंग चघळ, बडीशेप खा, तल्लफ आली की गार पाण्यानं तोंड धू. बिचाऱ्यानं सगळं करून पाहिलं होतं. चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी खिशात पुन्हा बंडल.

नवे पैसे आले त्या सालच्या श्रावणातली गोष्ट. एका रविवारी सकाळी जयवंतानं चहाची बशी खाली ठेवली, खिशातून विड्यांचं बंडल आणि काड्यापेटी काढली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली.

"घे. परत एकदा बघतो."

कारखान्याच्या डॉक्टरनं आदल्याच दिवशी त्याच्या छातीला नळी लावून तोंड वाकडं केलं होतं. ही छाती आता विडी झेलायची नाही, पुढं काय ते तुम्ही बघा, असं साफ सांगितलं होतं. रात्री खोकून खोकून तो उठून बसायचा तेव्हा जानकी त्याची पाठ चोळत बसायची.

खरं तर तिनं आनंदानं उड्या मारायच्या. पण बंडल उचलताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बघा ना, जमेल यंदा," ती म्हणाली आणि लगबगीनं मोरीकडे वळली. नवऱ्याच्या नजरेला नजर द्यायची तिची हिंमत झाली नाही.

आता तिला एवढं झालं तरी काय, ते सांगायला हवं.

आदल्या वर्षीच्या गणपतीत जानकीनं भलतीच हुशारी केली होती. आरती झाली, चाळीतली दहा माणसं खोलीत होती, आणि ह्या बाईनं नवऱ्याचा हात धरून सहा वर्षांच्या मालनच्या डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ पोरीची. गणपतीसमोर. परत विडीला शिवणार नाही म्हणून." एवढ्या लोकांत माणूस नाही कसं म्हणणार? जयवंतानं घेतली शपथ. मालन मधे उभी राहून हसत होती. बाबांचा हात डोक्यावर आहे ह्याचंच तिला कौतुक.

गणपती गेले, पितृपक्ष गेला, जयवंतानं खरंच विडीला हात लावला नाही. मग कारखान्यात एकाचा हात यंत्रात गेला, तो जयवंतानं डोळ्यांनी पाहिला, आणि त्या संध्याकाळी कुणीतरी पुढं केलेली विडी त्यानं ओढली. घरी आला तेव्हा सदऱ्याला वास होता. जानकीनं तो ओळखला आणि भांडी आपटली.

त्याच आठवड्यात मालनला ताप भरला. साधासुधा नव्हे, मुदतीचा, टायफॉइड. तोंड सुकलं, डोळे आत गेले, पोर झोपेत बरळायला लागली. जानकी तिला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे गेली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी उकळून देत होतात ना? विहीर खराब झालीय म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं."

सांगितलं होतंच की! म्युनिसिपालिटीचा माणूस दारोदार फिरून घसा कोरडा करून गेला होता. जानकीनं सुरुवातीला उकळलंही. पण मालन ते पाणी तोंडातून थुंकून टाकायची. धुराचा वास येतो म्हणायची, दिवस दिवस तहानलेली राहायची. आईचा जीव तो, विरघळला. थोड्याशा पाण्यानं काय होतंय, असं म्हणून तिनं कळशीतलं विहिरीचं पाणी तसंच पोरीला द्यायला सुरुवात केली.

"हो, उकळूनच देत होते," जानकी डॉक्टरला म्हणाली.

घरी आली तर जयवंत दारातच उभा. कामावरून धावत आलेला, चप्पलसुद्धा एकाच पायात. "काय म्हणाले गं डॉक्टर? कशानं झालं हे?"

आणि जानकीच्या तोंडून निघून गेलं, "कशानं म्हणजे? पोरीची शपथ मोडलीत ना तुम्ही!"

झालं. त्या माणसाचा चेहरा उतरला तो उतरलाच.

नव्या गोळ्या निघाल्या होत्या म्हणून मालन वाचली. केस सगळे गळले, मग पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे आले. संक्रांतीपर्यंत पोर अंगणात लंगडी घालायला लागली. पण जयवंतानं तिला परत हात लावला नाही. एरवी तिला खांद्यावर घेऊन मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळापर्यंत फिरवून आणणारा बाप. तो आता खाऊ आणला तरी फळीवर ठेवायचा आणि तिला म्हणायचा, "घे तिथनं." ती जवळ आली की काहीतरी काम काढून उठायचा. विडी तर दुप्पट वाढली. मोडायची ती शपथ मोडलीच, आता धरून ठेवायचं कशासाठी?

जानकी हे सगळं बघत होती. आज सांगीन, उद्या सांगीन असं म्हणत वर्ष काढलं तिनं. पोर बरी झाली, आता कशाला उकरून काढा, अशी मनाची समजूत घालायची. पण मन काय दूधखुळं असतं? भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा.

तर असा हा जयवंत परत विडी सोडायला निघाला होता, आणि त्याला धीर द्यायचं काम जानकीकडे आलं होतं. दिलाही तिनं. सदऱ्याच्या खिशात लवंगा भरून ठेवल्या. भाजीला मीठ कमी पडलं म्हणून त्यानं ताट सरकवलं तेव्हा चकार शब्द न काढता मीठ वाढलं. त्यानं पाण्याच्या बादलीला लाथ मारली, तिनं मुकाट्यानं पुसून घेतलं. "आठवडा झाला की अहो! चेहऱ्यावर बघा कसं तेज आलंय," असंही म्हणाली. तेज कसलं, माणूस रात्ररात्र जागत होता. तो कसनुसा हसायचा. तिला वाटायचं, ह्यानं आपल्याला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका संध्याकाळी शेजारचे धाकूकाका येऊन उंबऱ्यावर टेकले. मालवणाकडचे जुने गृहस्थ, कुणाच्या घरात काय चाललंय ह्याची त्यांना घरच्यांपेक्षा जास्त काळजी. मालन कोपऱ्यात पाटीवर पाढे गिरवत होती. धाकूकाकांनी जयवंताकडे निरखून पाहिलं आणि मालनकडे बोट करत म्हणाले, "अरे जयवंता, असा सुटाचा नाय ता. चेडवाच्या डोक्यार हात ठेव नि परत एकदा शपथ घे. माझा ऐक."

जयवंत ताडकन उठला. चेहरा पांढराफटक. चपला घालून जो बाहेर पडला तो मागं न बघता.

"आता मी काय वायट सांगितलंय?" धाकूकाका तोंडाचा आ करून बघत राहिले.

जानकीनं चूल तशीच टाकली आणि पदर सावरत त्याच्या मागं धावली. चाळीच्या मागच्या बाजूला, मोठ्या नळाच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटेवर तो दिसला. दगडावर बसला होता. वाटेत पानवाल्याच्या गादीवरून घेतलेली विडी बोटांत आणि काड्यापेटी मुठीत होती. विडी पेटवलेली नव्हती.

"अहो, टाका ती. एवढे दिवस काढलेत."

"नाही जमायचं मला."

"असं काय म्हणता? जमेल. मी आहे ना."

"तू आहेस गं. तुझा काय दोष?" तो मान खाली घालून बोलत होता. "माणूस कशाच्या जोरावर व्यसन सोडतो? शब्दाच्या. आणि ज्यानं पोटच्या पोरीच्या जिवाची शपथ पाळली नाही, एका विडीसाठी तिला मरणाच्या दारात नेऊन ठेवली, त्याच्या शब्दाला किंमत काय? मी त्यातलाच. मला ओढू दे आणि मरू दे."

तुझा काय दोष! हे ऐकलं आणि जानकी तिथंच ओल्या गवतात मटकन बसली.

"तुमच्यामुळे नव्हता आला तो ताप."

"समजूत नको घालूस."

"समजूत नाही घालत. पाण्यानं आला. मी तिला विहिरीचं कच्चं पाणी देत होते. उकळलेलं तिला आवडत नव्हतं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा... तुमच्या माथी मारलं मी. भीती वाटली हो मला. पोर गेली असती तर तुम्ही मला काय म्हणाला असतात?"

जयवंत तिच्याकडे बघत राहिला. रस्त्यानं एक गवळी सायकलवर किटल्या वाजवत गेला. 

"वर्ष झालं, जानकी," शेवटी तो म्हणाला. "पोर जवळ यायची आणि मी उठून जायचो. वर्षभर."

"मला मारा. शिव्या द्या. काहीतरी करा."

त्यानं काही केलं नाही. काडी ओढली, विडी पेटवली आणि तिच्यासमोर बसून शेवटपर्यंत ओढली. जानकी बघत राहिली. टाका म्हणायचा हक्क तिनं केव्हाच गमावला होता, हे तिला पक्कं कळत होतं. विडी संपली तेव्हा त्यानं थोटूक चिखलात दाबलं, खूप खोकला आणि उठला.

"ही तुझ्या नावानं ओढली," तो म्हणाला. "उद्यापासून माझं मी बघीन. चल."

परतीच्या वाटेवर तो चार पावलं पुढं होता. जानकीला एकीकडून हलकं वाटत होतं आणि हलकं वाटतंय ह्याचीच लाज वाटत होती. पण निदान बोलून टाकलं, आता काय व्हायचं ते होवो, असं ती स्वतःशी म्हणत होती. बाईला वाटलं, सगळं निस्तरलं.

खोलीत धाकूकाका नव्हते. मालन पाटी घेऊन तशीच बसली होती. जयवंत तिच्याजवळ जाऊन मांडी घालून बसला. वर्षभरात पहिल्यांदा. त्यानं हात वर उचलला आणि तिच्या कुरळ्या केसांकडे नेला.

मालननं अंग चोरलं. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती भिंतीला जाऊन चिकटली.

"बाबा, शपथ नको!" ती रडवेली होऊन म्हणाली. "धाकूआजोबांनी सांगितलं तरी नको. तुम्ही विडी ओढली की मला परत ताप येईल."

जयवंताचा हात तसाच राहिला. त्यानं मान वळवून जानकीकडे बघितलं. हे तुझं तूच निस्तर, असंच ते बघणं होतं.

जानकीला वाटलं होतं, खरं फक्त नवऱ्याला सांगायचं बाकी आहे. ही एवढीशी पोर तापात आपल्या खांद्यावर पडल्या पडल्या दारातलं बोलणं ऐकत होती, आणि वर्षभर बापाच्या प्रत्येक विडीला आपलं अंग गरम झालंय का ते बघत होती, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती पोरीसमोर जाऊन बसली.

"मालू, तो ताप बाबांच्या विडीनं नव्हता आला. मी तुला विहिरीचं पाणी द्यायचे ना, त्यानं आला होता. चूक माझी होती."

मालन बापाकडे बघायला लागली. "खरं? मग तुम्ही विडी ओढली तर?"

"ओढली तर मला खोकला येईल," जयवंत म्हणाला. "तुला काही होणार नाही. कधीच नाही."

पोर मग भिंतीपासून सुटली, हळूहळू सरकत आली आणि त्याच्या मांडीवर चढून बसली. त्यानं तिला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड तिच्या केसांत खुपसलं. त्याचे खांदे हलत होते.

मालननं त्याच्या कुशीतून जानकीकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"आई, तुला माहीत होतं तर तू बाबांना सांगितलं का नाहीस?"

एका खोलीच्या बिऱ्हाडात तोंड लपवायला जागा नसते. जानकी त्या दोघांसमोर तिथंच बसून रडली.