दोन खाटांमधली फीत

तपासणीला आलेल्या या बाईला आईबापांनी भरपूर शिकवलं असेल, वळण मात्र लावलेलं दिसत नव्हतं. दारात पाय ठेवल्या ठेवल्या पाणी पुढे केलं, तर "नको, कामावर असताना घेत नाही." खुर्ची सरकवली, तर "नको, उभीच बरी." आणि मग उभ्या उभ्या लोकांच्या कपाटात डोकं घालायचं, गादी उचलून खालून हुंगायची, न्हाणीघरातलं गरम पाणी मनगटावर घ्यायचं आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता हातातल्या काचेच्या पाटीवर बोट आपटायचं! सरकारांनी आयुष्यात तीन सुना पारखून आणल्या, पण कुणाच्या घरी जाऊन गादी हुंगली नव्हती.

"नाक बघा कसं चालतंय," सरकार शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणबाईंच्या कानाला लागल्या. "मांजर दुधाच्या मागावर असतं तसं."

शिंपीणबाई तोंडावर हात धरून हसल्या. "हळू बोला. ऐकेल ती."

"ऐकू दे की. कानांचीही तपासणी होईल."

सरकार म्हणजे काही खरंखुरं सरकार नव्हे. वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या, चौथीत शाळा सुटलेल्या, ऐंशी कधीच उलटलेल्या एक आजीबाई. हे नाव त्यांना समोरच्या खोलीतल्या ड्रायव्हरनं दिलं. जन्मभर बस चालवलेला माणूस, जिभेला ब्रेक नाही. "अहो, व्यवस्थापकसाहेब नुसते खुर्चीला आहेत," तो म्हणाला होता, "इथलं सरकार तुम्ही." टिंगलच होती ती, पण सरकारांनी मानपत्र घ्यावं तशी घेतली आणि त्या दिवसापासून कारभार हातात घेतला. टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, खिडकी कुणासाठी उघडायची नि कुणासाठी लावायची, भाजी अळणी झाली तर स्वयंपाकघरात जाऊन कुणी तोंड वाजवायचं, सगळे निवाडे त्यांच्या खाटेवर व्हायचे. मुलांनी इथं आणून ठेवलं असं कुणी म्हणालं, तर त्याची धडगत नसे. "मला कुणी ठेवायला मी काय बरणी आहे? माझी मी आले."

तपासणी होणार असं कळल्यावर त्यांनी सगळा मजला कामाला जुंपला. पाहुणे यायचे म्हणजे घर हसलं पाहिजे. आज तर उजाडायच्या आधीच उठून त्यांनी ड्रायव्हरला दाढीला बसवलं, चपला ओळीत लावल्या, फुटक्या कपात ठेवलेल्या कवळ्या नव्या कपात हलवल्या. कुणाची कवळी कुठल्या कपात गेली यावरून नाश्त्याला थोडी रणधुमाळी झाली ती वेगळी. आणि या सगळ्या धांदलीत सकाळचं एक नेमाचं काम त्यांच्याच हातून राहून गेलं.

बाकीच्या खोल्या आटपून तपासणीसबाई सरकारांच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरली. तिच्यामागे घामेजलेले व्यवस्थापक, त्यांच्यामागे ताई. ताई म्हणजे या मजल्यावरची मदतनीस. वयानं सगळ्यांच्या नातीसारखी, तरी सगळे तिला ताईच म्हणत. बाईनं कपाट बघितलं, खिडकी बघितली, आणि दोन खाटांच्या मधे येऊन थांबली.

एका उशीपासून दुसऱ्या उशीपर्यंत मऊ सुती कापडाची एक फीत पसरलेली होती. दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढे फास.

"हे काय आहे?"

रोज उठल्या उठल्या ती फीत उशीच्या अभ्र्यात जायची. आज कवळ्या आणि चपलांच्या नादात ती तशीच राहिली होती.

"इथं रात्री माणसांना बांधून ठेवतात?" बाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कुणी बांधली?"

"मी," ताई म्हणाली.

"कुणाला बांधता?"

तेवढ्यात शिंपीणबाईंनी आपला बारीक हात वर केला. "मला हो. मी रात्री उठून भटकते. म्हणून."

व्यवस्थापक घाईघाईनं म्हणाले, "असं असेल तर यांना खालच्या मजल्यावर, कुलपाच्या भागात हलवू. आजच."

"ते नंतर," बाई म्हणाली. "आधी ताईंचं. म्हाताऱ्या माणसाला खाटेला बांधणाऱ्या व्यक्तीला कामावर ठेवता येत नाही. मला तसं लिहावंच लागेल."

ताईनं एवढंच केलं, की गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा काढून हातात गुंडाळला.

आता खरं काय ते सरकारांना ठाऊक होतं, शिंपीणबाईंना ठाऊक होतं, आणि ताईला. रात्री भटकत होत्या त्या सरकार. अकरा माणसांच्या घरात चाळीस वर्षं मागचं दार त्यांनी स्वतः लावलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा विश्वासच नव्हता. आताशा मध्येच जाग येई, दार उघडं राहिलं असं वाटे, आणि पाय आपले आपण निघत. जिन्याच्या तोंडाशी त्या ताईला सापडल्या, तेव्हा त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं: कुणाला कळता कामा नये. मग शिंपीणबाईंनी जुन्या चादरीची कड काढून फीत शिवली. सरकार उठल्या की शिंपीणबाईंच्या हाताला ओढ बसे, आणि त्या अंधारातच म्हणत, "दार लावलंय मी. झोपा."

आता गप्प बसलं की झालं. सरकारकी शाबूत राहील. फक्त ताई जाईल, आणि शिंपीणबाई खाली कुलपात जातील, दुसऱ्याचा वेडेपणा डोक्यावर घेऊन. दारात ड्रायव्हर आणि बाकीचे गोळा झाले होते. सगळा दरबारच.

"ए बाई," सरकार म्हणाल्या. "पुसून टाक ते पाटीवरचं. भटकते ती मी."

"आजी, तुम्ही मध्ये—"

"आजी तुझ्या घरी. रात्री उठून मागचं दार शोधते ती मी. ही शिंपीणबाई एकदा झोपली की घर पेटलं तरी उठायची नाही, ही फीत ओढल्याशिवाय. आणि ताईनं काही बांधलं नाही. तिला मी धमकी दिली होती, बोललीस तर याद राख म्हणून. बांधलंय आम्ही दोघींनी, आमच्या हातांनी. आणि बांधलंय म्हणजे काय बांधलंय, ते आधी बघ तरी. ये, आडवी हो."

"काय?"

"आडवी हो म्हणते. गादी हुंगलीस ना? मग पाठही टेकून बघ."

कुणाला वाटलं नव्हतं, पण बाईनं पाटी व्यवस्थापकांच्या हातात दिली आणि बूट काढून सरकारांच्या खाटेवर आडवी झाली. शिंपीणबाईंनी तिच्या मनगटात फीत अडकवली. दुसरं टोक स्वतःच्या हातात.

"आता ऊठ नि चालायला लाग."

बाई उठली. फीत ताणली, शिंपीणबाईंचा हात हलला, आणि बाईच्या मनगटावरची गाठ आपोआप सुटून फीत खाली पडली.

"सुरगाठ आहे," शिंपीणबाई जरा अभिमानानं म्हणाल्या. "धरून ठेवत नाही. नुसती हाक मारते."

बाईनं फीत उचलली, गाठ पुन्हा बांधून पुन्हा सोडली. मग म्हणाली, "गाठ चांगली आहे. पण झोपेत कूस बदलताना ही गळ्याशी आली तर? अंधारात तुमच्याच पायात आली तर?"

हे सरकारांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिंपीणबाईंचा गळा चिमणीएवढा होता.

सरकार खाटेवर बसल्या. दाराकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळ्यांनी? बघा आता दुसरं सरकार."

"त्यात काय ऐकायचंय?" ड्रायव्हर म्हणाला. "तीनदा माझ्या खोलीत येऊन मागचं दार लाव म्हणून दरडावलंय मला."

"तुम्हाला?"

"मग? उठून लावलं मी दार. तेव्हा कुठे गेलात."

"आणि मला नाही सांगितलं कधी?"

"तुम्हाला सांगायची कुणाची छाती आहे, सरकार?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा दरवाजा हसला. ताई हसता हसता डोळे पुसत होती. सरकारांना राग यायला हवा होता, पण तो येईना. उलट त्यांनी उगाचच उशी झटकली.

तपासणीसबाईनं पाटी परत घेतली. या वेळी ती शिंपीणबाईंच्या खाटेच्या कडेवर बसून लिहू लागली. आणि लिहिता लिहिता बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. फीत बंद. तिच्या जागी खाटेपाशी एक चटई, पाय पडला की ताईच्या खोलीत घंटी वाजेल अशी. जिन्याच्या तोंडाशी फाटक. कुणाला खाली कुलपात हलवायची गरज नाही, शेजारी राखण चांगली आहे. ताईंनी गोष्ट लपवली, ही चूक, त्याबद्दल समज दिली जाईल. माणसाला बांधलेलं नाही, हेही लिहिलं जाईल.

"म्हणजे ताई राहणार?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"राहणार."

ताईनं गुंडाळलेला पट्टा उलगडून पुन्हा गळ्यात घातला.

बाई उठली, बुटात पाय घालता घालता थांबली, आणि टेबलावर सकाळपासून झाकून ठेवलेला पाण्याचा पेला उचलून एका दमात रिकामा केला. खरंच तहानलेली होती पोरगी. सरकारांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, तसंच, जसं कधी सुनांना निरखलं होतं. दारात गर्दी होतीच. सरकारांनी पाठ ताठ केली.

"ऐक," त्या म्हणाल्या. "माझीही तपासणी झालीय. नजर चोख. डोकं जागेवर, माझ्यापेक्षा थोडं जास्तच, पण हे बाहेर सांगू नकोस. जीभ खरी आहे. बसायला मात्र उशीर केलास आणि पाण्याला नाही म्हणालीस, तिथे मार्क कापलेत मी. तुला पास केलेलं नाही अजून. पुढच्या खेपेला ये, आधी माझ्या खाटेवर बस, पाणी पी, मग खुशाल गाद्या हुंग. तेव्हा बघू."