दारूवाली अन् पाण्यावाली

माह्या हाताले चव नाही असं माही सासूसुद्धा कधी म्हणाली नाही. पण कळंबच्या शाळेतले पोट्टे म्हणत, मास्तरीणबाईच्या चहाले औषधाचा वास येते. येईन नाही तं काय! प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की आमचे मालक पूनमसिंग मास्तर माह्याच चुलीवर पाणी उकळत, माह्याच भांड्यात भुकट्या कालवत अन् माह्याच लुगड्याच्या चिंधीतून गाळत. शाळेतल्या स्टोव्हचा काही भरोसा नव्हता, अन् माह्या बडबडीचा त्याइले कधी त्रास वाटला नाही.

ते कालवत ते इंडिकेटर. सोड्याच्या पाण्यात त्याचे थेंब टाकाचे अन् वरून काचेच्या नळीतून तेजाब सोडत राहाचं. सोडा संपला की रंग बदलते, तिथं थांबाचं. बस, एवढंच. त्यातला फिनॉल्फ्थॅलीन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याले स्पिरीट लागते. मिथिल ऑरेंज गरम पाण्यात विरघळते. हे नावं माह्या जिभेवर बसेनात, म्हणून मी एकीले दारूवाली म्हणो अन् दुसरीले पाण्यावाली. मास्तर आधी चिडले, मग घरात तेही तसंच म्हणायले लागले. दारूबंदीचे दिवस होते, स्पिरीट परवान्यावर मिळे. बाटली उघडली की शेजारची जैबुनबी कुंपणावरून विचारे, मास्तरनं कधीपासून सुरू केली म्हणून.

दारूवाली वापरायले सोपी. तिचा गुलाबी रंग उडते अन् पाणी साफ होते, कोणालेही कळते. पण धुण्याच्या सोड्याले ती चालत नाही. सोड्याचं काम अर्धंच होते अन् तिचा गुलाबी उडून जाते, पोट्टे समजतात झालं. तिथं पाण्यावालीच पाह्यजे. ती पिवळ्याची नारंगी होते, अन् त्या नारंगीवरच थांबा लागते, नाही तं पुढं लालच लाल. 'इंडिकेटर निवडाचा तो द्रावण पाहून,' हे मास्तर ओट्यावर शिकवणीले बसलेल्या पोट्ट्याइकडून इतकं घोकून घेत की चुलीपाशी बसून माह्याही तोंडपाठ झालं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्सं झाली असतीन. त्या साली प्रॅक्टिकल आलं अन् मास्तर म्हणाले, यंदा नुसती दारूवालीच करू. मी म्हटलं, काहून? सोडा नाही का यंदा? तं म्हणाले, सोडा आहे, पण त्या दुसऱ्या भुकटीचा दर्जा समाधानकारक राहिलेला नाही.

आमचं घर बंजाऱ्याचं. मास्तर मायेत असले की गोरबोलीत बोलत, रागात असले की वऱ्हाडीत. अन् खोटं बोलाचं असलं की पुस्तकातली मराठी. दर्जा समाधानकारक म्हणे! दुपारी ते शाळेत गेलते तवा तीच भुकटी गरम पाण्यात कालवली, गाळली, बाटलीत भरली. रंग कसा झकास उतरला होता. ते घरी आले तशी बाटली समोर ठेवली अन् म्हटलं, दाखवा मले कुठं बिघडली ते.

मास्तर नको नको म्हणाले, पण माह्यापुढं त्याइचं काय चालते. ओट्यावर चांगलं ऊन होतं. त्याइनं नळी उभी केली, तेजाब भरलं, खाली सोड्याचं पाणी ठेवलं अन् चिमटा दाबून थेंब सोडायले लागले. पाणी पिवळं होतं. मग करडईचं फूल वाळताना होते तसं ते नारंगी झालं. मास्तर थांबले नाही. मले वाटलं, गंमत करून राह्यले. पाणी लाल झालं, तरी थेंब चालूच. मास्तर वाकून वाकून त्या पाण्यात पाहात होते अन् त्याइच्या कपाळाले घाम फुटला होता. मी उठली अन् चिमट्यावरचा त्याइचा हात धरला.

"झालं," मी म्हटलं. "केव्हाचंच झालं."

"तुले दिसला रंग?"

"तुम्हाले नाही दिसला?"

मास्तरनं धोतरानं हात पुसले. पुसतच राह्यले. मग हळूहळू सारं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरले दाखवून आलते, मले न सांगता. फळ्यावर अंदाजानं लिहित, पोट्ट्याइले आवाजावरून ओळखत. एक गुलाबी रंग उडाला का नाही तेवढंच काय ते अजून कळे, म्हणून दारूवाली. मले इतका राग आला, इतका राग आला, की मी तिथंच रडायले लागली.

यवतमाळले डोळ्याच्या ऑपरेशनचं शिबिर लागणार होतं. मी म्हटलं, जाऊ. मास्तर काही केल्या तयार होईनात. त्याइच्या बापाचं डोळ्यासमोर होतं. तांड्यात एक फिरस्ता वैद्य आलता, त्यानं म्हाताऱ्याचा मोतीबिंदू सुईनं सारला अन् डोळे पार गेले. मी समजावलं, ती सुई होती, हे डॉक्टर आहेत. मास्तर गोरबोलीत म्हणाले, "लाली, आता धूसर का होईना, तू दिसतं. तेही गेलं तं मी काय करू?"

पण आपण नरमलो तं हा माणूस आंधळा होते, हेही मले दिसत होतं.

"पोट्ट्याइले काय शिकवता?" मी म्हटलं. "द्रावण पाहून निवडाचं. अन् स्वतः मात्र सोपं ते निवडता, अर्ध्यावरच झालं म्हणता. मले तुमच्या डोळ्याइले अर्धंच नाही दिसाचं, मास्तर."

ते हो म्हणाले नाही, पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तरले स्वतः जाऊन सांगितलं. वर्गातही सांगितलं की मले रंग दिसत नाही, तुम्ही एकमेकाले दाखवा, शंका असन तं खिडकीशी जा. दोन्ही बाटल्या मीच करून देल्ल्या होत्या. पोट्ट्याइनं सोड्याले बरोबर पाण्यावाली निवडली, अन् तेच पाहून की काय, मास्तर घरी आले अन् म्हणाले, चल यवतमाळले.

शिबिरात दोन्ही डोळ्याइले पट्ट्या. हलाचं नाही, खोकलाचं नाही, हसाचं तं मुळीच नाही. मी बोलली की त्याइले हसू येते, म्हणून जन्मात पह्यल्यांदा मी गप बसली अन् चमच्यानं पेज भरवत राह्यली. देवा, त्याइचे डोळे दे, एवढंच मनात. पट्ट्या निघाल्या तवा उजेड दिसला, पण सारं पुसट. डॉक्टर म्हणाले, जखम भरली की चष्मा देऊ.

चष्मा आला तो ओट्यावरच घातला त्याइनं. जाड भिंगातून डोळे एवढाले मोठे दिसत होते. मास्तरनं अंगण पाह्यलं, जैबुनबीच्या कोंबड्या पाह्यल्या, आपले हात उलटेपालटे करून पाह्यले. मग माह्याकडं पाह्यलं, अन् पाहातच राह्यले. मी घाबरली. म्हटलं, काय झालं? दिसत नाही का?

मास्तरनं माह्या डोक्यावरचा पदर हातानं मागं सारला.

"लाली, तुहे केस कधी पिकले?"

मी पदर पुढं ओढायले गेली, त्याइनं ओढू देल्ला नाही. "राहू दे," म्हणाले, "पाहू दे मले."